खोऱ्यावरचे हात

चित्राची कल्पना नानाची होती, पण तिच्यावरून भांडायचा हक्क घरातल्या सगळ्यांनी आपापसांत वाटून घेतला होता.

सोपानरावांना जाऊन उद्या वर्ष पुरं होत होतं. कांदा निघाला की सडकेपलीकडचं रानही जाणार होतं. शेजारी औषधाच्या कारखान्याच्या नव्या इमारतीला या वर्षात बांबूच्या परांच्या चढल्या होत्या आणि आता कामगारांच्या चाळींना जागा हवी होती. बाप गेला, बापाचं रान चाललं, तेव्हा निदान दोघं एका चौकटीत तरी राहोत, असं थोरल्या नानासाहेबाच्या मनात आलं. विचार थोरल्या मुलाला शोभेल असाच होता. अडचण एकच, सोपानरावांचा धड फोटो नव्हता. होता तो धाकट्या सयाजीच्या लग्नातला, आणि त्यात ते मागच्या रांगेतून माणसांच्या डोक्यांआडून बघत होते. तोंड चिंचोक्याएवढं.

चित्रकार सयाजीनं शोधून आणला. सयाजी कारखान्यात लागला होता आणि हिंदुराव पेंटर तिथंच पाट्या रंगवत होता. माणूस कोल्हापूरकडचा, तिकडे इनामदारांच्या तसबिरी रंगवून हात बसलेला, आणि इकडे पोटासाठी 'बिडी ओढू नये' लिहीत होता. सयाजीनं नदीकाठची शेती सोडून शिफ्ट धरली म्हणून नाना दिवाळीपासून त्याच्याशी बोलत नव्हता. या चित्रापायी दोघं बोलायला लागले, म्हणजे भांडायला लागले, पण घरात तेवढ्यानंही बरं वाटलं.

हिंदुरावानं आधी नुसतं रान रंगवलं. सुटीच्या दिवशी तो तीन पायांची लाकडी घोडी बांधावर रोवायचा, तिच्यावर कापड ताणलेली चौकट ठेवायचा आणि तासन्‌तास डोळे बारीक करून बघत बसायचा. विहीर आली, मोटेच्या बैलांची धाव आली, कांद्याचे वाफे आले, लांबवर घोरवडेश्वराचा डोंगर आला. परांच्या घालायच्या का, यावर एक अख्खा दिवस गेला. नाना म्हणाला घाला, सयाजी म्हणाला घालाच, आणि आई म्हणाली, "त्यांनी त्या उभ्या जल्मात बघितल्या न्हाईत, तर मरणाच्या मागारी कशाला दावताय?" परांच्या गळाल्या. चित्राच्या मधोमध मात्र माणूसभर जागा तपकिरी रेघांत नुसती आखून कोरी ठेवलेली होती.

छबूबाईला ती कोरी जागा बघवत नव्हती. वाफ्यांना पाणी देता देता नजर तिकडे गेली की ती मुद्दाम पाटाकडे बघायची.

ती सोपानरावांची मधली, लेक. खेडला दिली होती. नवऱ्यानं, भैरूनं, दुसरी केली तेव्हा ही आपलं गाठोडं घेऊन निघून आली. गावातल्या घरात तिच्यावरून चर्चा सुरू होण्याआधीच सोपानराव म्हणाले होते, "वस्तीवर ऱ्हा माज्याबरूबर. मला माणूस पायजेच हाय." त्यानंतर बाप आणि लेक या रानातल्या दोन खणांच्या छपरात राहिले. तिनं मोट हाकली, पाण्याची दारं धरली, कांदा काढला. कुणी तिला पुन्हा नांदायचं विचारलं नाही.

आता विचारत होते. विचारत होते म्हणजे सांगत होते. भैरूची दुसरी बायको पावसाळ्यात गेली, मागे दोन लहान पोरं राहिली, आणि झालंगेलं विसरून छबूनं परत यावं असा निरोप बबनमामाच्या मार्फत आला. चाकणच्या बबनमामाला असल्या कामांची हौस दांडगी. त्यानं नानाला पटवलं. नानानं सयाजीला पटवलं. वस्ती जाणार, मग छबू राहणार कुठं आणि करणार काय, या सवालाला आयतं उत्तर मिळालं होतं. पवनेकाठी मळईचा, नदीच्या गाळाच्या जमिनीचा, एक तुकडा उरत होता, पण तोही नाना वाट्यानं लावून मोकळा होणार होता. उद्या वर्षश्राद्धाची जेवणं उरकली की मामा तिला एस.टी.नं खेडला पोचवणार, असं सगळं ठरलं होतं.

आई यात काहीच बोलली नव्हती. इंद्रायणी मुळात कमी बोलणारी बाई, पण छबू गेला आठवडाभर तिच्या तोंडाकडे बघत होती. आई एकदा नको म्हणाली असती तर दोघा भावांची आणि मामाचीही बोलायची छाती झाली नसती. आई वाती वळत बसली. गप्प बसणं म्हणजे होकार, असं मामानं परस्पर ठरवून टाकलं.

त्या सकाळी सगळं घर बांधावर जमलं. हिंदुरावाला आज माणूस रंगवायचा होता.

"फोटोवरनं तोंड काढतो ओ मी," तो म्हणाला. "पण फोटो मांडवातला. मांडवातला माणूस उचलून रानात चिकटवला की चिकटवल्यागतच दिसतोय. हितल्या मातीचा उजेड त्याच्या हनुवटीखाली याय पायजे, सावली ह्याच वाफ्यावर पडाय पायजे. तवा अंगापिंडानं त्यांच्यासारखं कोणतरी हितं उभं करा."

"मीच हाय की," नाना म्हणाला.

तो तयारीनंच आला होता. त्याच्या बायकोनं, विमलनं, ट्रंकेतून सासऱ्याची कापडं काढून आणली होती: धोतर, पैरण आणि अबोली रंगाचा फेटा. तेराव्याला मामानं नानाच्याच डोक्याला पागोटं बांधलं होतं, तेव्हा बापाच्या जागी उभं राहायचं तर कुणी, याबद्दल नानाच्या मनात शंका नव्हती. नाना वाफ्याच्या कडेला जाऊन छाती काढून उभा राहिला. एक हात कमरेवर, दुसऱ्यात काठी.

हिंदुरावानं थोडा वेळ बघितलं. "झेंडावंदनाला आल्यागत दिसतासा."

सयाजी हसला आणि नानानं त्याच्याकडे जळजळीत बघितलं.

"आबा असं कधी उभं ऱ्हायलं का?" सयाजी म्हणाला. "त्यांच्या हातात खोरं असायचं. खोऱ्याच्या दांड्यावर दोनी हात, एकावर एक. आन भार डाव्या पायावर. काय रुबाब व्हता."

"मग तू ऱ्हा."

सयाजी राहिला. त्यानं खोरं घेतलं, दोन्ही हात दांड्यावर ठेवले, भार डाव्या पायावर टाकला. पण त्याच्या अंगात बापाचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे लोंबत होते, आणि थोड्याच वेळात तो पाय बदलायला लागला. मामा म्हणाला, "एस.टी.ची वाट बघतंय जणू." नानाला मनापासून हसू आलं. दोघा भावांचं एकदम फिट्टंफाट झालं आणि चित्र मात्र होतं तिथंच राहिलं.

हिंदुरावानं कपाळ पुसलं आणि सहज पलीकडे बघितलं. तिकडे छबू कांद्याला पाणी देत होती. एक वाफा भरत आला होता. तो पुरता भरेपर्यंत ती खोऱ्याच्या दांड्यावर हात टेकून उभी राहिली. एकावर एक हात, भार डाव्या पायावर, मान किंचित पाण्याकडे कललेली.

बांधावरच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. विमलनं पदर तोंडाला लावला.

"बाई," हिंदुराव म्हणाला, "जरा हलू नका."

ती अर्थातच हलली. सगळे आपल्याकडे का बघतायत हे तिला कळेना. पेंटरला काय हवंय हे कळलं तेव्हा तर तिनं खोरं टाकलं आणि ती चक्क मागे सरली.

"बाईमाणसाच्या डोक्याला बापाचा फेटा?" मामा म्हणाला. "पेंटर, तुमच्याकडं चालत आसंल. हितं न्हाई चालत. त्यो मान एकदाच देत्यात आन एकालाच देत्यात."

"मान कुठनं आला? मला नुसतं उभं ऱ्हायला कोणतरी पायजे."

"गाव सडकंवरनं जातंय येतंय," नाना म्हणाला. "काय म्हणतील? सोपानरावाची पोर पुरुषाची कापडं घालून उभी हाय."

"आन उद्या तिला सासरी धाडायचीय," मामानं पुस्ती जोडली. "खेडपत्तुर वास गेला तर?"

छबूनं आईकडे बघितलं. आता तरी ती काही बोलेल, निदान 'नाही म्हण' एवढं तरी सांगेल. इंद्रायणी उठली. सयाजीच्या डोक्यावरचा फेटा तिनं काढून घेतला, उलगडला, झटकला आणि लेकीला म्हणाली, "हिकडं ये. बस खाली."

"आक्का, आगं..." मामा म्हणाला.

"तसबीर पायजे ना तुमाला? मग व्हऊ द्या."

तिनं फेटा स्वतः बांधला. नवऱ्याला आयुष्यभर बांधून दिला होता तसा, घट्ट, कानावर न येऊ देता. छबूच्या लुगड्याचा काचा होताच, त्याच्यावरूनच धोतर गुंडाळलं. वर पैरण. बांगड्या काढायचा सवाल आला तेव्हा आई म्हणाली काढायच्या नाहीत, म्हणून त्या कोपरापर्यंत सारल्या आणि बाहीखाली दाबल्या. पैरणीला वर्षभर ट्रंकेत राहूनही तंबाखूचा वास येत होता. तो वास नाकात गेला तशी छबूनं बाही क्षणभर नाकाशी धरली. मग ती वाफ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

हिंदुरावानं रंग भरायला सुरुवात केली. आधी पातळ तपकिरीनं सावल्या घातल्या, मग उन्हाचा भाग. बोलत होता तो स्वतःशीच. सावलीत निळं हाय. धोतराला खालनं मातीचा लाल उजेड मारतोय. टर्पेंटाइनचा उग्र वास कांद्याच्या पातीच्या वासात मिसळत होता.

छबूला हलायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. आणि माणूस न हलता, न बोलता उभं असलं की त्याला ऐकूही येत नाही, असा बाकीच्यांचा समज झाला असावा.

"एस.टी. दुपारची धरावी म्हणतो," मामा नानाला म्हणाला. "म्हंजे दिवस मावळायच्या आत पोचू."

"तिचं सामान काय फार न्हाई."

"सामानाचं काय, आन बाईला लागतंय काय? दोन पोरं हायती, त्यांच्यात जीव रमंल. भैरूबी आता निवळलाय."

"निवळलाय?" सयाजी म्हणाला. "का भाकरी थापायला कोण न्हाई म्हणून आठवण झाली?"

"तू संभाळणार का मग तिला?" नानानं विचारलं.

सयाजी बांधावरचं गवत उपटायला लागला. कारखान्याच्या शेजारी त्यानं एक खोली घेतली होती आणि तिथं त्याला स्वतःची बायकोच अजून नेता आली नव्हती. बहिणीची बाजू घ्यायला तो एका पायावर तयार असायचा, पण दुसरा पाय टेकायची वेळ आली की त्याला शिफ्ट आठवायची. छबूला त्याचा राग येत नव्हता. वाईट वाटत होतं.

तिचं ध्यान हातांवर होतं. रुबाब, सयाजी म्हणाला होता. सगळं गाव तसंच म्हणायचं, सोपानराव खोऱ्यावर हात टेकून उभे राहिले की राजा दिसतात. खरी गोष्ट आबांना आणि छबूलाच ठाऊक होती. आबांचे हात कापत होते. शेवटच्या काही वर्षांत त्यांना पाण्याचा तांब्या धरवत नव्हता, कासरा तर नाहीच नाही. दांड्यावर हातावर हात दाबून धरला की कापरं थांबायचं, म्हणून ते तसे उभे राहायचे. ते उभे राहायचे आणि छबू राबायची. सडकेवरून कुणी येताना दिसलं की ती खोरं त्यांच्या हातात द्यायची आणि स्वतः तण उपटायला बसायची. "पोरांना कळू दिऊ नगंस," आबा म्हणाले होते. "रान पडीक पडलं म्हणतील आन इकायला काढतील." तिनं कळू दिलं नव्हतं. त्यांच्या शेजारी उभं राहून राहून तीही तशीच उभी राहायला लागली, हे मात्र तिला आजच कळलं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा हिंदुरावानं ब्रश खाली ठेवला. "तोंड फोटोवरनं सांजच्याला पुरं करतो. नाक तेवढं नानासाहेबांचं घेतलंय, फोटोत नाकच दिसंना. बघा तर खरं."

सगळे घोडीभोवती गोळा झाले. छबू मागे राहिली.

तोंड अजून धूसर होतं, तरी माणूस ओळखायला वेळ लागला नाही. सोपानराव कांद्यात उभे होते. पायाखालची सावली ओल्या वाफ्यावर वाकली होती आणि धोतराचा सोगा खरंच मातीच्या उजेडानं तांबूस झाला होता. विमल रडायला लागली. मामानं टोपी काढली. नाना चित्रासमोरून हलेना. मग त्यानं पुढे वाकून एका जागी बोट टेकवलं.

"हे काय हाय?"

खोऱ्याच्या दांड्यावरच्या हाताच्या मनगटाशी हिरवट ठिपके होते. त्यांच्या मधोमध एक छोटी तुळस. गोंदण.

"आबांच्या हातावर गोंदण?" नाना म्हणाला. "बायकी?"

हिंदुरावानं डोळे मिटून उघडले. "दिसलं ते घातलं. तंद्रीत कळलं न्हाई मला."

"बांगड्या बऱ्या झाकल्या, आन हे ऱ्हायलं?"

"बांगड्या वरनं घातलेल्या असत्यात, नानासाहेब. हे कातड्यातलं हाय." त्यानं टर्पेंटाइनमध्ये बुडवलेलं फडकं उचललं. "रंग ओलाच हाय म्हणा. पुसून निघंल. हातबी जरा रुंद करतो, म्हंजे काय शंका नको."

"पुसा. न्हाईतर द्या, मीच पुसतो." नानानं फडकं घेतलं. "उद्या सगळी भावकी येणार. हसं करून घ्यायचंय व्हय?"

"नाना," इंद्रायणी म्हणाली. "ठेव त्ये."

"आई, आगं आबांचं हात हायती ते."

"न्हाईत. छबीचं हायती. ते गोंदण मी घेतलं व्हतं तिला, ह्याच हिरीवर. गोंदणारीण आल्ती, आन ही रडती म्हणून ह्यांनी तिला मांडीवर घेतली व्हती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन आबाचं हात तुमी बघितलं व्हतं का कुणी? शेवटाला?"

तिनं दोघा लेकांकडे आळीपाळीनं बघितलं.

"सणाला घरी यायचे तवा मी त्यांना भाकरी दुधात कुस्करून द्यायची. तुमाला वाटलं दात गेलं. दात धड व्हते त्यांचे. हातात घास ठरत नव्हता."

छबूनं चमकून आईकडे बघितलं. आईला माहीत होतं. सगळी वर्षं माहीत होतं, आणि तिनंही ते दुधातल्या भाकरीखाली झाकून ठेवलं होतं.

"मग रान कोण करत व्हतं?" सयाजीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तो बहिणीकडे वळला.

"जिचं हात चित्रात हायती ती," आई म्हणाली. "त्यांना जगाम्होरं ताठ उभं ठेवलं ते हिनं. मी आठ दिस गप बसले, का म्हणाल तर मला वाटत व्हतं, ते गुपित त्यांचं हाय, मी कसं फोडू. पर आता पेंटरनंच फोडलंय." ती भावाकडे वळली. "बबन, खेडला निरोप धाड. छबी येत न्हाई."

"आक्का, मी शबुद दिलाय त्यांना."

"तुजा तू दिलास. तूच माघारी घे."

मामानं नानाकडे बघितलं, नानानं सयाजीकडे. नेहमी असल्या वेळी त्या बघण्यातून काहीतरी ठरायचं. आज सयाजी म्हणाला, "मामा, निरोप मी घिऊन जातो. परवा रजा टाकतो." शिफ्ट त्याला आठवली नाही, हे छबूच्या ध्यानात आलं.

नानाच्या हातातलं फडकं तसंच होतं. "ती हितं ऱ्हाऊ दे, मी काय वैरी हाय का तिचा?" तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "पण वस्ती जाणार. दिसभर करंल काय ही?"

आता मात्र छबू बोलली. डोक्याला फेटा, अंगात पैरण आणि पायाला चिखल अशी ती पुढे आली. "मळईचा तुकडा वाट्यानं लावू नगंस. मी करते. नदीचं पाणी हाय, भाजीपाला चांगला यील. न्हाईतरी तुमा दोघांना कुठं येळ हाय?"

नानानं बोटाला लागलेला हिरवा रंग फडक्यानं पुसला आणि फडकं हिंदुरावाला परत दिलं. चित्राला ते लागलं नव्हतं.

"भावकीला काय सांगायचं?" मामानं विचारलं. त्याला अजून उद्याची काळजी होती.

"इचारतील त्यांना सांगू," नाना म्हणाला. "म्हणावं, लेकीचं हात हायती."

हिंदुरावाला घरच्या भांडणात रस नव्हता. त्याला ऊन कलतंय याची घाई झाली होती. "बाई, उभं ऱ्हा. हात अर्धा ऱ्हायलाय, सावली फिरली म्हंजे घोटाळा हुईल."

छबू पुन्हा वाफ्याच्या कडेला गेली. खोरं उचललं, हातावर हात ठेवला, भार डाव्या पायावर टाकला. नाना तिच्यामागून चालत आला तेव्हा तिला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि तिच्या डोक्याकडे बघत राहिला.

"आबा शेमला डाव्या खांद्यावर टाकायचं," तो म्हणाला. "ह्यो उजवीकडं सरकलाय."

त्यानं फेट्याचा शेमला हळूच उचलला, तिच्या डाव्या खांद्यावरून पुढे घेतला, नीट सरळ केला आणि तो बांधावर जाऊन आईशेजारी बसला.

छबूच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुसायला हात उचलावा, तर हिंदुराव नेमका हातच रंगवत होता. तिनं तो तसाच ठेवला.